पाळत विषावर ठेवा, बाईवर नको

रात्री साडेअकराच्या सुमाराला तिला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. जीपमध्ये सासरा, दीर आणि शेजारचे दोघं. तिचं वय पंचवीस-सव्वीस, पदरात दोन मुलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय?"
दीर म्हणाला, "औषध प्याली."
"कोणतं औषध?"
"फवारणीचं."
"फवारणीचं कोणतं? डबा आणलाय का?"
दीरानं सासऱ्याकडे पाहिलं. सासरा म्हणाला, "चुकून प्याली, साहेब. अंधारात कळलं नाही तिला."

डॉक्टरांनी विचारलं होतं एक, उत्तर मिळालं दुसरंच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. केसपेपरवर लिहिलं होतं 'अज्ञात विषबाधा'. पंचनाम्यात लिहिलं गेलं 'विषारी औषध'. व्हिसेरा राखून ठेवला. तिची आई मला म्हणाली, "औषध प्याली म्हनले, ताई. कोन्तं ते नाही सांगितलं."

ही बाई आमच्या सल्ला केंद्रात आठ महिन्यांपूर्वी येऊन गेली होती. तिचा अर्ज आमच्या फाईलमध्ये आहे. नवऱ्याचं दारू पिणं, मारहाण, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, सगळं त्यात आहे. दोन्हीकडची माणसं बोलावून आम्ही बैठक घेतली, नवऱ्याकडून लेखी घेतलं आणि तिच्या म्हणण्यावरूनच तिला परत नांदायला पाठवलं. एम.एस.डब्ल्यू.ला केस हिस्टरी कशी घ्यायची ते मला शिकवलं होतं. आमच्या फॉर्ममध्ये हुंडा, व्यसन, जमीन, मुलं, माहेरचा आधार, प्रत्येकासाठी रकाना आहे. घरात विष कोणतं आहे आणि ते कुठं ठेवलंय, यासाठी रकाना नाही. मी तो प्रश्न तिला विचारला नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

तिच्या दहाव्यानंतर गावात बैठक झाली. आम्हालाही बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, निदान आता मारहाणीबद्दल गाव काही बोलेल. गावानं ठरवलं ते असं: सुनांच्या हातात मोबाईल देऊ नये, बायकांना एकटीदुकटी शेतावर पाठवू नये आणि कृषी केंद्रवाल्यानं बाईमाणसाला फवारणीचा माल देऊ नये. म्हणजे मेली ती बाई, आणि पाळत बसणार ती उरलेल्या बायकांवर. विषावर कसलंच बंधन नाही. ज्या दुकानातून ते आलं, तिथं दुसऱ्या दिवशीही तेच विष बिलाशिवाय विकलं जात होतं.

हे 'औषध' कोण म्हणतं?

शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे पिकावर फवारतात ते 'औषध', उंदीर मारायचं तेही 'औषध', डोकं दुखल्यावर घ्यायची गोळी तीही 'औषध'. तापाचं सिरप आणि कीटकनाशकाची बाटली एकाच फळीवर ठेवली जाते, त्याला हा शब्दही थोडा जबाबदार आहे. आमच्या आयांच्या पिढीत खेड्यात 'एंड्रिन घेतलं' असं सरसकट म्हणत. घेतलेलं विष दुसरंच असलं तरी नाव एंड्रिनचंच. त्या एंड्रिनवर देशात कधीच बंदी आली, पण बोलण्यात ते कितीतरी वर्षं टिकून राहिलं. तेव्हा निदान चुकीचं का होईना, विषाला नाव होतं. आता तेही नाही. आता नुसतं 'औषध'.

आणि नाव नसणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे. सासरच्यांना सोयीचं, कारण कोणतं विष, कुणी आणलं, कधी आणलं, घरात कुठं होतं, हे प्रश्नच उठत नाहीत. अपघात, आत्महत्या की खून, याचा शोध त्याच प्रश्नांपासून सुरू होतो, आणि 'चुकून प्याली' या दोन शब्दांवर तो थांबतो. दुकानदाराला सोयीचं, कारण त्याच्याकडे बिल मागत कुणी येत नाही. कंपनीला सोयीचं, कारण तिच्या मालामुळे किती माणसं मेली याचा हिशेबच राहत नाही. सरकारला तर सर्वांत सोयीचं. ज्याचा हिशेब नाही, त्याबद्दल जाब कोण विचारणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, अहवाल घ्या. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, सर्वांत जास्त महाराष्ट्रात. त्यांत ४८ हजारांहून अधिक बायका होत्या आणि त्यांतल्या २५ हजारांहून अधिक 'गृहिणी' या रकान्यात होत्या. एकूण आत्महत्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा विषानं झालेल्या. कोणत्या विषानं? त्या जाडजूड अहवालात ते मिळत नाही. आणि 'गृहिणी' म्हणजे कोण? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून जी शेतकरी ठरली नाही, ती. खुरपणी, वेचणी, फवारणीसाठी पाणी वाहणं, विषाचे रिकामे डबे धुणं, हे सगळं करणारी बाई मेल्यावर गृहिणी होते. तिच्या कामाची नोंद नाही, आणि तिला मारणाऱ्या विषाचीही नाही.

आपल्यातलाच आक्षेप

चळवळीतल्या मैत्रिणी म्हणतील, आणि काही वर्षांपूर्वी मीही म्हणत होते, की विषाचं काय घेऊन बसलात? कारण मारहाण आहे, हुंडा आहे, कर्ज आहे, संशय आहे. विष काढून घेतलं तर बाई विहीर जवळ करील. मूळ दुखण्याला हात न घालता डबे मोजत बसणं हे सरकारी काम आहे, आपलं नाही.

हा आक्षेप मनाला पटतो, पण खरा ठरत नाही. तो खोटा ठरवला आपल्या शेजारच्याच देशानं.

श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या देशांत होतं, आणि त्यांत शेतीच्या विषाचा वाटा फार मोठा होता. तिथल्या डॉक्टरांनी आणि कीटकनाशक निबंधकांच्या कार्यालयानं एक साधं काम केलं. इस्पितळात आलेल्या माणसानं कोणतं विष घेतलं होतं आणि तो वाचला की गेला, हे नावानिशी पाहिलं. त्यावरून कळलं की सगळी विषं सारखी नाहीत. काही घेतलेल्यांतले बहुतेक वाचतात, काही घेतलेल्यांतले बहुतेक जातात. १९९५ साली सर्वांत जहाल गटातली शेवटची कीटकनाशकं बाजारातून काढली. मग इस्पितळांना दिसलं की लोक आता एंडोसल्फान घेऊन येताहेत आणि मरताहेत. १९९८ मध्ये एंडोसल्फान काढलं. २००८ ते २०११ या काळात पॅराक्वॅट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन टप्प्याटप्प्यानं काढली. वीस वर्षांत आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. शेतीचं उत्पन्न बुडेल अशी हाकाटी तिथंही झाली होती. उत्पन्न बुडालं नाही. बांगलादेशनं २००० च्या सुमाराला अशीच जहाल विषं काढली, तिथंही मृत्यू घटले.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. श्रीलंकेत त्या काळात विष घेऊन इस्पितळात येणारी माणसं कमी झाली नव्हती. दुःख कमी झालं नव्हतं, भांडणं आणि दारू कमी झाली नव्हती. कमी झाले ते मृत्यू. तिथल्या वाचलेल्या रुग्णांना जेव्हा विचारलं, तेव्हा अनेकांनी सांगितलं की विचार मनात आल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच ते घडलं होतं. मरायचं असं ठरवून, आखून केलेलं ते नव्हतं. संतापाचा, अपमानाचा, असह्य झालेला एक क्षण होता आणि त्या क्षणी हाताशी जे होतं ते घेतलं गेलं. ते फार जहाल नसेल, तर बाई वाचते. आणि अशा प्रसंगातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येनं मरत नाहीत, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

मैत्रिणींनो, आपण ज्या कारणांविरुद्ध लढतो, ती लढाई लढायला ती बाई जिवंत असावी लागते. ती गेल्यावर आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, ४९८-अ आणि ३०६ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि १०८ खाली, गुन्हा नोंदवा म्हणून पोलीस ठाण्यात बसतो. ते केलंच पाहिजे. पण आमच्या केंद्रात येणारी दर दुसरी-तिसरी बाई कधी ना कधी सांगते, "ताई, मी पण एकदा औषधाचा डबा हातात घेतला होता." या बायका आज पोटगी मागताहेत, घर सोडून वेगळ्या राहताहेत, गटाचं कर्ज फेडताहेत, दुसऱ्या बाईला केंद्रात घेऊन येताहेत. त्यांच्या आणि त्या गेलेल्या बाईच्या मधे फरक किती? पुष्कळदा डब्यात काय होतं, एवढाच. कारणांवर काम करायचं की विषावर, असा हा वाद नाहीच. विषावर काम केलं, तर कारणांवर काम करायला माणूस उरतो.

कुलूप कुणाच्या घराला, किल्ली कुणाकडे?

दुसरीकडून एक सोपा उपाय सुचवला जातो. कंपन्यांना तो आवडतो, अधिकाऱ्यांनाही आवडतो. शेतकऱ्यांना कुलपाच्या पेट्या द्या, विष त्यात ठेवायला सांगा, 'सुरक्षित वापरा'चं शिबिर घ्या, फोटो काढा.

या उपायाचीही परीक्षा झाली आहे, तीही श्रीलंकेतच. १८० गावांत, ५० हजारांहून अधिक घरांचा अभ्यास झाला. निम्म्या गावांतल्या घरांना कुलपाच्या पेट्या दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. २०१७ साली निष्कर्ष आले. पेट्या दिल्यानं विष घेण्याचं प्रमाण कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

आपल्याला यात नवल वाटू नये. घरातल्या पेटीची किल्ली कुणाकडे असते? घरातलं माणूस घरातल्या माणसापासून किती दिवस कुलपात लपवणार? हंगामात रोज फवारणी असते तेव्हा पेटी उघडीच राहते. आणि ज्या घरात बाईला विष पाजलं जातं, त्या घरात किल्ली पाजणाऱ्याच्या कमरेला असते. पेटीवर सगळा भर देणं म्हणजे कारखान्यानं बनवलेल्या, सरकारनं परवाना दिलेल्या, दुकानानं विकलेल्या विषाची जबाबदारी चार भिंतींच्या आत ढकलणं. घरातली जबाबदारी म्हणजे शेवटी कुणाची, हे आपल्याला कुणी सांगायला नको. उद्या लेकरानं डबा तोंडाला लावला तरी विचारतील, "आई कुठं होती?"

डबा मुलांपासून दूर ठेवा, विष पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, हे सांगत राहावंच लागेल. पण ते पुरेसं आहे असं म्हणणाऱ्यांशी भांडावंही लागेल.

सरकारला माहीत नव्हतं असं नाही

जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत मध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं मेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडलं. भाज्यांवर ते वापरायला २००५ पासूनच मनाई होती. पण कापसावर चालू होतं, म्हणजे दुकानात होतं, म्हणजे घरात होतं. त्याच वर्षी केंद्रानं ६६ कीटकनाशकांचा फेरविचार करायला समिती नेमली. समितीचा अहवाल २०१५ मध्ये आला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले, शेकडो इस्पितळात पडले. तेव्हा राज्य सरकारनं पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली, तीही हंगाम उलटत आल्यावर. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानं राज्याच्या हाती तेवढीच सत्ता ठेवलेली होती: ६० दिवस, फार तर आणखी ३०. कायमची बंदी दिल्लीनंच घालायची. २०१८ मध्ये केंद्रानं १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यांतल्या काहींना २०२० अखेरपर्यंत मुदत दिली. मे २०२० मध्ये आणखी २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. उद्योगाची ओरड झाली. २०२३ साली शेवटी बंदी आली ती मोजक्यांवर. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण त्यात आलं, पण शिल्लक माल खपवायला मुदत देऊन. सारणच्या मुलांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

या दहा वर्षांत कोणत्या विषानं किती माणसं मेली, याची गावागावांतून गोळा केलेली नोंद सरकारपुढे ठेवता आली असती, तर 'पुरावा कुठाय?' असं विचारायची उद्योगाची हिंमत झाली नसती. व्हिसेराच्या तपासणीत विषाचं नाव निघतं, नाही असं नाही. पण तो अहवाल महिन्यांनी येतो, पोलिसांच्या फाईलमध्ये जातो आणि तिथंच राहतो. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांना तो कळत नाही, ज्या कृषी खात्यानं विक्रीचा परवाना दिला त्यालाही कळत नाही.

नोंद विषाची, चौकशी बाईची नको

अ‍ॅसिडचं उदाहरण आपल्यासमोर आहे. अ‍ॅसिडहल्ला सोसलेल्या बाईनं केलेल्या याचिकेवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की विकणाऱ्यानं नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहावं, कारण विचारावं, १८ वर्षांखालच्याला विकू नये, साठा कळवावा, नाहीतर दंड. ते बायकांनी मिळवलं. पण नोंदवही लिहायला लावणं हे अर्धंच काम असतं. ती कुणी उघडून पाहिली नाही तर ती नुसती वही राहते, हेही आपण अनुभवलं आहे.

म्हणून कीटकनाशकांच्या बाबतीत मागणी करताना दोन गोष्टींचं भान ठेवू. पहिली, नोंद तपासली गेली पाहिजे. दुसरी, नोंद विषाची व्हावी. 'बाईला माल देऊ नका' हा नियम आपल्याला चालणार नाही. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, एकटीच्या जोरावर दोन एकर कसणारी बाई आजही कृषी केंद्रात गेली की ऐकते, "मालकाला पाठवा." तिची अडवणूक वाढवणारी पाळत आपल्याला नको. तेवढं जहाल विष दुकानातच नसेल, तर कुणालाच अडवावं लागणार नाही.

तर आपण काय करायचं?

एक. आपापल्या केंद्राच्या फॉर्ममध्ये आजच रकाना वाढवायचा: घरात विष कोणतं, कुठं, कुणी आणलं. बाईला सरळ विचारायचं की जीव द्यावासा वाटतो का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून ती बोलते. तसं असेल तर तिला एकटीला परत पाठवायचं नाही, आणि घरात विष आहे तोवर तर नाहीच.

दोन. विषबाधा झाली की डबा किंवा बाटली लेबलासकट रुग्णासोबत इस्पितळात न्यायची, हे गटातल्या प्रत्येक बाईला सांगायचं. लेबलावर विषाचं नाव असतं, त्रिकोणाचा रंग असतो: लाल अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. उतारा काय तेही छापलेलं असतं. हिरवा म्हणजे निर्धोक असं नव्हे. उपचार विषावर ठरतात, म्हणून डबा लपवणारा माणूस जीव घेत असतो.

तीन. पोलीस केस होईल या भीतीनं 'चुकून' म्हणायची गरज नाही, हे गावात सांगायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. 'चुकून' या शब्दानं बाईचं रक्षण होत नाही, तिला छळणाऱ्याचं होतं.

चार. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागणी करायची, की प्रत्येक विषबाधेच्या केसपेपरवर विषाचं नाव लिहिलं जावं. 'अज्ञात' लिहिलं तर का अज्ञात, तेही लिहावं. दर तीन महिन्यांनी विषवार आकडे, रुग्णांची नावं गुप्त ठेवून, जाहीर करावेत आणि कृषी खात्याला पाठवावेत. प्रयोगशाळेचे व्हिसेरा अहवालही या नोंदीला जोडावेत.

पाच. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना विचारायचं, की बिलाशिवाय होणाऱ्या विक्रीबद्दल वर्षभरात किती दुकानं तपासली आणि किती परवाने निलंबित केले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे. बंदी आलेलं विष फळीवर दिसलं तर तक्रार करायची.

सहा. ज्या विषांनी मृत्यू जास्त होतात ती कायमची काढा, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात हुंड्याच्या आणि दारूच्या मागणीशेजारी लिहायची. शेतकरी संघटनांना सोबत घ्यायचं. फवारणी करताना मरणारा त्यांचा माणूस आणि घरात मरणारी आपली बाई, दोघांना मारणारा डबा एकच आहे.

त्या बाईच्या गावात आम्ही आता पुन्हा जातोय. गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत बायकांना सांगितलं, की पुढच्या वेळी येताना घरातल्या डब्यांची नावं लिहून आणा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून आणली. वहीच्या दोन पानांवर ती नावं भरली. त्या नावांकडे बघत एक म्हातारी म्हणाली, "इतकं सगळं हाय व्हय आमच्या घरात?" बैठकीत त्या बाईची सासूही बसली होती. ती काही बोलली नाही. पण पुढच्या बैठकीला ती एक चिठ्ठी घेऊन आली. तीवर एकच नाव होतं.

ते नाव आम्ही पोलीस ठाण्यात आणि कृषी कार्यालयात, दोन्हीकडे लेखी दिलं आहे. पोच घेतली आहे. प्रत्येक गावातून अशी एक-एक चिठ्ठी आली, तर 'अज्ञात विष' हा शब्द या जिल्ह्यात कुणाला लिहिता येणार नाही.

(तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर एकटं राहू नका, कुणाजवळ तरी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.)